अमेरिकेत नर्सिंग: काउंटी कॉलेजचं एडीएन की युनिव्हर्सिटीचं बीएसएन?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई न्यू जर्सीत राहतात, वय ३४, पुण्यातून बी.कॉम. झालेल्या, ग्रीन कार्ड नुकतंच आलंय, मुलगी लहान आहे. त्यांना रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन व्हायचंय. घराजवळच्या काउंटी कॉलेजात 'दोन वर्षांचं' एडीएन (नर्सिंगमधली असोसिएट पदवी) आहे आणि स्टेट युनिव्हर्सिटीत चार वर्षांचं बीएसएन (नर्सिंगमधली बॅचलर). भाची यंदा हायस्कूल संपवतेय, तिलाही हेच करायचंय. आणि एक मैत्रीण एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर आहे, तिचं काय? तिघींना एकच उत्तर देता येणार नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. एडीएन केलेली नर्स आणि बीएसएन केलेली नर्स लायसन्ससाठी एकच परीक्षा देतात, ती म्हणजे एनक्लेक्स-आरएन. फी २०० डॉलर, वेळ पाच तास, प्रश्न कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५०. तुमची उत्तरं जशी येतील तसा संगणक पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड देतो, म्हणून ८५ वर परीक्षा थांबली तर पास की नापास हे त्यावरून कळत नाही. पास झाल्यावर मिळणारं लायसन्स सारखंच असतं. देशभरात पहिल्याच प्रयत्नात पास होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत जेमतेम एक-दोन टक्क्यांचा फरक राहतो. त्यामुळे 'युनिव्हर्सिटीत शिकलं तरच परीक्षा सुटते' या बोलण्याला अर्थ नाही. फरक पडतो तो प्रवेश, पैसा, लागणारा काळ आणि तुमच्या भागातली हॉस्पिटलं नव्या नर्सकडे काय मागतात, यात.

'दोन वर्षां'चा हिशोब आधी नीट मांडा. नर्सिंगचे सेमिस्टर चार, हे खरं. पण त्यात शिरण्याआधी प्रीरिक्विझिट विषय पुरे करावे लागतात: अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजीचे दोन भाग (बहुतेक ठिकाणी लॅबसकट चार-चार क्रेडिट, आणि पहिला झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही), मायक्रोबायोलॉजी लॅबसकट, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी आणि जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या वाढीची सायकॉलॉजी. काही कॉलेजांत अ‍ॅनाटॉमीच्या आधी केमिस्ट्री, काही ठिकाणी न्यूट्रिशनही. एकामागून एक घ्यायच्या विषयांमुळे यात दोन-तीन सेमिस्टर जातातच. म्हणजे एडीएन प्रत्यक्षात तीन वर्षांचं होतं, आणि प्रवेशाला वेटिंग लिस्ट असेल तर त्याहून जास्त.

तुमच्या बी.कॉम.मधले इंग्रजी किंवा स्टॅटिस्टिक्सचे क्रेडिट कधी कधी चालतात, सायन्सचं मात्र सगळं नव्यानं करावं लागेल. आणि ते करताना मुदतीकडे लक्ष ठेवा. अनेक प्रोग्रॅम पाच ते सात वर्षांपेक्षा जुने सायन्सचे मार्क धरत नाहीत. विषय परत घेऊन मार्क सुधारायची मुभाही मोजकीच असते. नियमात 'किमान सी' लिहिलेलं असलं तरी जागा ए आणि बी-वाल्यांनाच जातात, कारण प्रवेश गुणांवर ठरतो: सायन्सचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, आणि टीज किंवा हेसी ए-टू ही प्रवेश परीक्षा. टीजमध्ये २०९ मिनिटांत १७० प्रश्न असतात: वाचन, गणित, सायन्स, इंग्रजी. आपल्याकडून आलेल्यांचं गणित बरं होतं. मार्क जातात ते वाचनात आणि सायन्समधल्या अ‍ॅनाटॉमीच्या प्रश्नांत. म्हणून टीज अ‍ॅनाटॉमीचा दुसरा भाग संपल्या संपल्या द्यावी, आधी नको.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. तुमच्या हातात एक पदवी आहे, त्यामुळे तिसरी वाट उघडते, ती म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन, एबीएसएन. दुसऱ्या विषयातली बॅचलर असलेल्यांसाठी ११ ते १८ महिन्यांत पूर्ण बीएसएन. प्रीरिक्विझिट तेच. पण पहिली अडचण इथेच येते: भारतातली तीन वर्षांची बी.कॉम. ही अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीची आहे की नाही, यावर सगळ्यांचं एकमत नाही. काही मूल्यांकन संस्था काही विद्यापीठांच्या तीन वर्षांच्या पदवीला पूर्ण बॅचलर म्हणतात, काही तिला तीन वर्षांचं शिक्षण एवढंच धरतात. आणि काही युनिव्हर्सिट्या ठरावीक संस्थेचाच रिपोर्ट घेतात. म्हणून मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी प्रत्येक एबीएसएनच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करून विचारा: तीन वर्षांची भारतीय पदवी चालते का, आणि रिपोर्ट कुणाचा हवा? उत्तर लेखी घ्या. मागवताना विषयवार रिपोर्ट मागवा, नुसता पदवीची बरोबरी सांगणारा पुरत नाही. पुण्याहून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट यायला कधी कधी महिने लागतात, ते काम आजच सुरू करा.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती बऱ्याच जणांना उशिरा कळते. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्ही फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरू शकता. पण पेल ग्रँट ही परत न करायची सरकारी मदत, जी २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती, ती पहिली बॅचलर नसलेल्यांसाठी असते, आणि परदेशातली बॅचलरही इथे सहसा मोजली जाते. फॉर्मवर 'पदवी नाही' असं लिहायच्या भानगडीत पडू नका. एकीकडे एबीएसएनला पदवी दाखवायची आणि दुसरीकडे लपवायची, हे चालत नाही. राहतं फेडरल कर्ज. दुसऱ्या बॅचलरसाठी स्वतंत्र विद्यार्थ्याला ते वर्षाला जास्तीत जास्त १२,५०० डॉलर मिळतं. खासगी युनिव्हर्सिटीचं एबीएसएन ६०,००० च्या आसपास किंवा वर जातं. मधली दरी बचतीनं किंवा खासगी कर्जानं भरायची, आणि खासगी कर्जाला व्याज आणि जामीनदार दोन्ही लागतात. थेट मास्टर्स देणारे नर्सिंग प्रोग्रॅमही आहेत, पण तिथे हिशोब आणखी बदललाय: २०२५ च्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे मास्टर्स आणि पुढच्या शिक्षणाचं फेडरल कर्ज बंद केलंय. हे न पाहता जुन्या सल्ल्यावर विसंबू नका.

सरासरी काढायची तर २०२४-२५ मध्ये कम्युनिटी कॉलेजची वर्षाची ट्यूशन व फी सुमारे ४,०५० डॉलर होती, स्वतःच्या राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीत ११,६१०, खासगीत ४३,३५०. नर्सिंगच्या विषयांना वरून लॅब फी आणि सराव परीक्षांच्या पॅकेजची फी असते, शिवाय पुस्तकं, युनिफॉर्म, स्टेथोस्कोप, विमा. न्यू जर्सीत काउंटीबाहेरच्या विद्यार्थ्याला फी जास्त पडते. तुमच्या काउंटीत तो प्रोग्रॅम नसेल तर 'चार्जबॅक'चा अर्ज करून फरक वाचवता येतो. तो अर्ज सेमिस्टरच्या आधी करायचा.

पण सरळ फीच्या फरकावर निर्णय घेतला तर एक बाजू सुटते. मे २०२४ च्या सरकारी आकड्यानुसार आरएनचा मधला वार्षिक पगार ९३,६०० डॉलर होता. प्रीरिक्विझिट झाल्यावर एडीएनला दोन वर्षं, एबीएसएनला सव्वा वर्ष. पगार आठ-नऊ महिने आधी सुरू झाला तर त्याची किंमत ६०,००० च्या घरात जाते, टॅक्स कापायच्या आधी. म्हणून एबीएसएन महाग असलं तरी मूर्खपणाचं नाही. फक्त त्या सव्वा वर्षात नोकरी करता येत नाही, आठवडाभर वर्ग, क्लिनिकल (हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण) आणि अभ्यास मिळून पूर्ण वेळेच्या नोकरीहून जास्त भरतं, आणि लहान मूल आजारी पडलं तर गेलेला क्लिनिकलचा दिवस भरून काढायला जागाच नसते. काही काउंटी कॉलेजांत संध्याकाळचा किंवा शनिवार-रविवारचा वर्ग असतो. घरात सासू-सासरे किंवा नवऱ्याची घरून नोकरी असेल तर एबीएसएन जमतं. नसेल तर काउंटी कॉलेजातला तो वर्गच तुम्हाला तारेल.

सुदैवानं तुम्हाला हे आज ठरवायची गरज नाही. पहिलं वर्ष तिन्ही वाटांना सारखंच आहे. तुमच्या आवाक्यातल्या तीन-चार प्रोग्रॅमच्या प्रीरिक्विझिट याद्या समोर ठेवा, सगळ्यांत असलेले विषय काउंटी कॉलेजात घ्या, आणि ते युनिव्हर्सिटीत चालतात का हे एनजे ट्रान्सफरच्या साइटवर कोर्सच्या नंबरनं तपासा. सायन्सची लॅब ऑनलाइन घेऊ नका. अनेक प्रोग्रॅम ती नाकारतात. मग एडीएन आणि सरकारी युनिव्हर्सिटीचं एबीएसएन, दोन्हींना अर्ज. माझं मत स्पष्ट आहे: सरकारी दरातलं एबीएसएन मिळालं आणि मुलीची सोय झाली तर ते घ्या. ते नाही तर काउंटी कॉलेज. खासगी युनिव्हर्सिटीचं ६०-७० हजारांचं कर्ज काढून नाही.

एडीएन घेतलं तर बीएसएन कधी, हा पुढचा प्रश्न. नोकरी करता करता ऑनलाइन आरएन-टू-बीएसएन साधारण वर्ष-दीड वर्षात होतं, सुमारे ३० क्रेडिट, आणि दुसरी लायसन्स परीक्षा नसते. हॉस्पिटल फी परत देत असेल तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम टॅक्सशिवाय मिळते. त्या बदल्यात तिथेच एक-दोन वर्षं राहायचा करार असतो, तो वाचून सही करा. याहून चांगलं म्हणजे कॉलेजचा एखाद्या युनिव्हर्सिटीशी समांतर प्रवेशाचा करार असणं, ज्यात एडीएन चालू असतानाच बीएसएनचे विषय सुरू होतात. अ‍ॅरिझोनातल्या मेरिकोपा कॉलेजांत आणि ऑरेगॉनमध्ये ही पद्धत चांगली रुळली आहे. तुमच्या कॉलेजात असा करार आहे का, हे पहिल्या भेटीत विचारा.

तुम्ही न्यू जर्सीत आहात म्हणून न्यू यॉर्कचं वेगळं सांगावं लागतं. तिथे डिसेंबर २०१७ च्या कायद्यानुसार नव्या आरएनला लायसन्स मिळाल्यापासून १० वर्षांत नर्सिंगमधली बॅचलर करावी लागते. एका लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या नर्स लायसन्स कॉम्पॅक्ट या करारात न्यू जर्सी आहे, न्यू यॉर्क नाही. म्हणजे हडसन ओलांडून नोकरी केली तर तिथलं लायसन्स वेगळं काढायचं. मोठी टीचिंग हॉस्पिटलं नव्या नर्सच्या जाहिरातीत 'बीएसएन हवं' किंवा 'अमुक वर्षांत करू असं लिहून द्या' म्हणतात. मॅग्नेट (चांगल्या नर्सिंगसाठी हॉस्पिटलला मिळणारा दर्जा) असलेल्या हॉस्पिटलांबद्दल एक चुकीची समजूत फिरते. तिथली पदवीची अट नर्स मॅनेजर आणि वरच्या पदांना लागू आहे, प्रत्येक बेडसाइड नर्सला नाही. पण भरतीत ते बीएसएनला झुकतं माप देतात हे खरं. नर्सिंग होम, डायलिसिस सेंटर, रिहॅब, लहान हॉस्पिटलं इथे एडीएनला दार उघडं असतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा घरापासून ३० मैलांतल्या हॉस्पिटलांच्या नव्या आरएनच्या २० जाहिराती काढा आणि किती जण काय मागतात ते मोजा. त्यापुढे कुणाच्या सल्ल्याची गरज उरत नाही.

कॉलेज असो वा युनिव्हर्सिटी, नाव पाहून जाऊ नका. पहिल्यांदा मान्यता: राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगची असावीच लागते, शिवाय एसेन, सीसीएनई किंवा एनएलएन-सीनिया या नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची. सीसीएनई एडीएनला मान्यता देतच नाही, तेव्हा काउंटी कॉलेजकडे ती नाही म्हणून घाबरू नका, तिथे एसेन शोधा. ही दुसरी मान्यता नसलेल्या ठिकाणचे क्रेडिट पुढच्या बीएसएन किंवा मास्टर्सला बहुधा चालत नाहीत. पटकन पदवी देणाऱ्यांपासून लांब राहा. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन शाळांनी ७,६०० हून जास्त खोट्या नर्सिंग पदव्या विकल्याचं उघड झालं आणि त्यावर लायसन्स घेतलेल्यांची लायसन्सं अडचणीत आली.

मग एनक्लेक्सचा पास रेट, पण तो एकटा पाहिला तर फसाल. काही शाळा ९५ टक्के दाखवतात कारण कच्ची मुलं परीक्षेपर्यंत पोचूच देत नाहीत. विचारा: सुरुवातीला किती जण होते, वेळेत किती संपले? शेवटची एक्झिट परीक्षा नापास झाली तर पदवी अडवतात का, आणि किती वेळा देता येते? नर्सिंगमध्ये पास होण्याची रेषा साधारण ७५ ते ७८ टक्के असते आणि वरचा आकडा धरत नाहीत. रेषा ७५ असेल तर ७४.९ म्हणजे नापास. दोन विषय गेले की प्रोग्रॅमबाहेर. आणि एका ठिकाणचे नर्सिंगचे क्रेडिट सहसा दुसरीकडे नेता येत नाहीत, म्हणजे बाहेर पडलं की पुन्हा पहिल्यापासून.

बहुतेक जण अडकतात त्या दोन ठिकाणी. एक म्हणजे औषधांच्या हिशोबाची परीक्षा, ९० ते १०० टक्के आणल्याशिवाय क्लिनिकलला जाऊ देत नाहीत. गणित पाचवीतलं असतं: १,००० मिलिलिटर ८ तासांत म्हणजे तासाला १२५. ०.१२५ मिलिग्रॅमची ऑर्डर, गोळी ०.२५ ची, म्हणजे अर्धी. मार्क जातात ते लिहिण्यात. दशांशाआधी शून्य हवाच, '.५' लिहिलं तर चूक, कारण टिंब दिसलं नाही तर ५ वाचलं जातं, आणि '५.०' ही चूक, कारण ते ५० वाचलं जातं.

दुसरं ठिकाण क्लिनिकलच्या कागदपत्रांचं. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्या प्रतिकारशक्तीचे रक्ताचे रिपोर्ट लागतात, लहानपणीच्या लसींचं पिवळं कार्ड चालत नाही. हिपॅटायटिस बीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांत तीन डोसचा असतो, तेव्हा प्रवेशपत्राची वाट पाहू नका. टीबीसाठी त्वचेवरची टेस्ट करून घेऊ नका. भारतात जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीमुळे ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरचं पत्र, आणि तोवर क्लिनिकलचा पहिला आठवडा गेलेला. क्वांटिफेरॉनसारखी रक्ताची टेस्ट मागा; बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. याशिवाय अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचं प्रमाणपत्र), ड्रग स्क्रीन, बॅकग्राउंड चेक.

भाचीचं गणित वेगळं आहे. १७-१८ व्या वर्षी, पदवी नसताना, राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीत बीएसएनला 'डायरेक्ट अ‍ॅडमिट' (पहिल्या वर्षापासूनच नर्सिंगमध्ये प्रवेश) मिळत असेल तर ते घ्यावं. चार वर्षांत सगळं एकत्र संपतं, पुढे नर्स प्रॅक्टिशनर किंवा नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट व्हायचं तर बीएसएन आधीच हातात असतं. अ‍ॅनेस्थेसियाला २०२२ पासून प्रवेशच डॉक्टरेटला मिळतो, आणि आधी निदान वर्षभर क्रिटिकल केअरचा अनुभव लागतो. लष्करातल्या नर्स ऑफिसरलाही बीएसएन लागतं. पण पत्रात 'प्री-नर्सिंग' लिहिलं असेल तर थांबा. त्याचा अर्थ नर्सिंगला प्रवेश मिळाला नाही. दोन वर्षं युनिव्हर्सिटीची फी भरून पुन्हा अर्ज करायचा, आणि नंबर लागला नाही तर हातात बायोलॉजीचे क्रेडिट. त्यापेक्षा तीच दोन वर्षं काउंटी कॉलेजात स्वस्तात होतात. न्यू जर्सीत वर्गात पहिल्या १५ टक्क्यांत असलेल्यांना एनजे स्टार्समधून काउंटी कॉलेजची ट्यूशन मिळते, तेही बघावं. पदवीच्या नावापायी १८ वर्षांच्या पोरीला दीड लाखाचं कर्ज लावणारे आई-बाप दिसतात. नव्या नर्सच्या पगारात एडीएन आणि बीएसएनचा फरक तासाला एखाद-दोन डॉलरचा असतो, बऱ्याच ठिकाणी तोही नसतो.

राहिली मैत्रीण. एच-फोरवर शिकता येतं, क्लिनिकल ही नोकरी नव्हे. बऱ्याच राज्यांत राज्यातल्या रहिवाशाची फीही लागते, पण फेडरल मदत नाही. अडचण शिक्षण संपल्यावर येते. एच-फोरचं ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना, नवऱ्याची आय-१४० (कंपनीनं केलेली ग्रीन कार्डची याचिका) मंजूर असेल किंवा त्याचा एच-वन-बी सहा वर्षांपुढे वाढलेला असेल तरच मिळतं, आणि त्याशिवाय नोकरी करता येत नाही. 'मग हॉस्पिटल एच-वन-बी करेल' ही आशा नको: आरएनची नोकरी एडीएनवर मिळते, म्हणूनच साध्या बेडसाइड नर्सची जागा एच-वन-बीच्या व्याख्येत सहसा बसत नाही, आणि तिनं स्वतः बीएसएन केलं तरी हे बदलत नाही. हॉस्पिटल ईबी-३ या नोकरीवर आधारित गटातून ग्रीन कार्डची याचिका करू शकतं, त्यात लेबर सर्टिफिकेशनची (अमेरिकन उमेदवार मिळत नाही हे सिद्ध करायची) पायरी वाचते, पण भारतात जन्मलेल्यांची रांग फार लांब आहे. शिवाय अमेरिकेत शिकली तरी परदेशी नर्ससाठीचं व्हिसास्क्रीन सर्टिफिकेट लागतंच.

ईएडी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबरही (एसएसएन) नाही. काही क्लिनिकल साइटच्या बॅकग्राउंड चेकला तो लागतो, काही राज्यांच्या बोर्डालाही. कॅलिफोर्निया आयटिन हा टॅक्सचा नंबर चालवतं, न्यू जर्सीनं २०२० मध्ये लायसन्ससाठी इमिग्रेशनची अट काढली, पण हॉस्पिटलचे नियम हॉस्पिटलचे असतात. तिनं प्रवेश घेण्याआधी नर्सिंगच्या डीन ऑफिसला हा एकच प्रश्न विचारावा: एसएसएन नसलेली विद्यार्थिनी तुमच्या सगळ्या क्लिनिकल साइटवर जाऊ शकते का? तोवर फक्त प्रीरिक्विझिट घ्यावेत, आणि तेही मुदत संपण्याआधी ईएडी येईल असं दिसत असेल तरच. ती भारतात बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम झालेली असेल तर मात्र एडीएनही नको आणि बीएसएनही नको. तिनं आपल्या राज्याच्या बोर्डाकडे परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन करून घ्यावं, कमी पडलेला एखाद-दुसरा विषय भरून काढावा आणि सरळ एनक्लेक्सला बसावं.